भेट आणि चौथरा

एका राष्ट्राने दुसऱ्या राष्ट्रास स्मारक भेट द्यावे, ही कल्पना मोठी रम्य आहे. परंतु अशा भेटीचे यश केवळ देणाऱ्याच्या औदार्यावर अवलंबून असते काय?

न्यूयॉर्कच्या बंदरातील स्वातंत्र्यदेवतेचा पुतळा ही फ्रान्सच्या जनतेने अमेरिकेस दिलेली भेट होय. शिल्पकार बार्तोल्दी याने घडविलेली ती प्रचंड मूर्ती १८८५ साली सुट्या भागांच्या रूपाने २१४ पेट्यांतून येऊन पोहोचली. पण तिचा चौथराच पुरा झालेला नव्हता! सरकार पैसा देईना, धनिकांनी हात आखडलेले. तेव्हा जोसेफ पुलित्झर याने आपल्या वृत्तपत्रातून सामान्य जनांस साद घातली आणि देणगी देणाऱ्या प्रत्येकाचे नाव छापण्याचे वचन दिले. कष्टकऱ्यांनी, शाळकरी मुलांनी आपापली नाणी धाडली. सुमारे पाच महिन्यांत एक लाखाहून अधिक डॉलर जमले. बहुतेकांची देणगी एका डॉलरहूनही कमी होती. १८८६ च्या ऑक्टोबरात पुतळ्याचे अनावरण झाले. ज्याने चौथऱ्यासाठी पाच सेंट दिले, त्यास तो पुतळा परका कसा वाटावा?

घानामध्ये याच्या उलट घडले. २०१६ साली भारताने तेथील विद्यापीठास महात्मा गांधींचा पुतळा भेट दिला. लवकरच काही प्राध्यापकांनी हरकत घेतली. दक्षिण आफ्रिकेत असताना तरुण गांधीजींनी कृष्णवर्णीयांविषयी अनुदार उद्गार लिहिले होते. शिवाय आफ्रिकेच्या स्वतःच्या वीरांआधी परक्यांचा मान का, असा त्यांचा सवाल होता. डिसेंबर २०१८ मध्ये पुतळा तेथून हलविण्यात आला. भारतीयांस याचे वाईट वाटणे स्वाभाविक आहे. गांधीजींचे विचार पुढे पालटले आणि घानाचे नेते एन्क्रूमा यांनी त्यांच्याच अहिंसेपासून स्फूर्ती घेतली, हेही खरे. पण हे सांगणे पुतळ्यास कसे साधावे? त्यासाठी आधी तेथील शिक्षक-विद्यार्थ्यांशी मोकळेपणाने बोलावयास हवे. अशा भेटीचा चौथरा तोच.

नातेपुत्याच्या मुलांना अमेरिका आणि घाना दूरचे वाटतील. सोलापूर मात्र त्यांच्याच जिल्ह्याचे ठिकाण. तेथे १९१० साली जन्मलेले डॉ. द्वारकानाथ कोटणीस १९३८ मध्ये वैद्यकीय पथकाबरोबर युद्धग्रस्त चीनमध्ये गेले आणि जखमी सैनिकांची शुश्रूषा करीत १९४२ साली, अवघ्या ३२ व्या वर्षी, तेथेच निवर्तले. शिजियाझुआंग शहरात त्यांचा पुतळा आहे. तो भारताने पाठविलेला नाही; चिनी लोकांनीच उभारला. १९६२ मध्ये उभय देशांत युद्ध झाले, सीमेचा तंटा अद्याप मिटलेला नाही. तरीही पूर्वजांच्या स्मरणदिनी तेथे लोक फुले वाहतात.