सर्वांत वाईट पिक्चर कोणता?

गेल्या रविवारी आमच्या वाचनालयात वाद झाला. हमरीतुमरी नव्हती, पण आवाज एवढे चढले की खालच्या खोलीतल्या मावशी "काय झालं रे पोरांनो?" करीत जिना चढून वर आल्या. आम्ही जमलो होतो वर्गणीच्या हिशेबासाठी. मी पडलो कारकून माणूस, वह्या आधीच लिहून नेतो, त्यामुळे हिशेब अर्ध्या तासात आटोपला. चहा यायचा होता. तेवढ्यात एका पोराने विषय काढला : आजवर पाहिलेला सर्वांत वाईट पिक्चर कोणता? झाले! चहा आला, गार झाला, तरी विषय काही मिटेना.

वाचकहो, विषय तुम्हाला हलका वाटेल. पण कष्टकऱ्यांच्या घरात पिक्चर ही हलकी गोष्ट नाही. चौघांनी मॉलमधल्या टॉकीजला जायचे तर तिकिटे, रिक्षा आणि मध्यंतरातला खाऊ मिळून आठवड्याचा बाजार उडतो. शिवाय सुट्टीचा एकुलता एक दिवस जातो, तो तर परत मिळतच नाही. मी लहान असताना वस्तीत वर्गणी काढून भाड्याने व्हीसीआर आणायचे. एका रात्रीत तीन पिक्चर, गल्लीत पोती अंथरून. तिसरा कसा का असेना, पैसे वसूल झाले पाहिजेत म्हणून डोळे चोळत पहाटेपर्यंत बघायचो. तेव्हा वाईट पिक्चरचा अनुभव आपल्याकडे भरपूर आहे, आणि त्यावर मत देण्याचा अधिकारही पेपरात लिहिणाऱ्यांइतकाच आपला आहे.

पहिले मत दिले बाबांनी. बाबा म्हणजे वस्तीतले सर्वांत वडीलधारे, जुने गिरणी कामगार. ते म्हणाले, "ज्यात झोप लागते तो वाईट." एक पोरगा लगेच म्हणाला, "बाबा, तुम्हाला 'शोले'तसुद्धा झोप लागलेली." बाबा म्हणाले, "अरे, आदल्या रात्री रातपाळी होती. त्यात पिक्चरचा काय दोष?" बाबांची कसोटी तिथेच बाद झाली. पण 'शोले'चे नाव निघाले आणि खऱ्या वादाला तोंड फुटले.

कुरियरचे काम करणारा आमचा एक कार्यकर्ता आहे. त्याने ठामपणे नाव घेतले, 'रामगोपाल वर्मा की आग'. ३१ ऑगस्ट २००७ रोजी हा पिक्चर लागला. 'शोले'च नव्याने काढायचा, असा सगळा घाट. १९७५ मध्ये जय झालेले अमिताभ बच्चन इथे गब्बरच्या जागी, नाव बब्बन. ठाकूरच्या जागी मल्याळी नट मोहनलाल, त्याचे हात नव्हे तर बोटे तोडलेली. रामगढ जाऊन मुंबईतले काळीगंज आले. माणसे सगळी तीच, पण एकाचीही भीती वाटत नाही की माया वाटत नाही. पडद्यावर अंधार एवढा की कोण कुणाला मारतो ते समजायला मारामारी संपावी लागते. 'शोले'च्या हक्कदारांनी प्रकरण कोर्टात नेले आणि २०१५ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने १० लाख रुपयांचा दंड केला. प्रेक्षकांना मात्र कुणी भरपाई दिली नाही!

मी हा पिक्चर पैसे देऊन पाहिला आहे. लग्न नवे होते, हौसेने बायकोला घेऊन गेलो होतो. बाहेर पडल्यावर ती एवढेच म्हणाली, "त्यापेक्षा 'शोले'ची सीडी आणली असती तर?" अजूनही घरात एखादी भाजी बिघडली की आम्ही 'आग लागली' म्हणतो.

तरी मी त्या कार्यकर्त्याला म्हटले, रामगोपाल वर्मा हा कच्चा माणूस नव्हे. १९९८ चा 'सत्या' त्यांचाच. त्यातला भिकू म्हात्रे अजून लोकांच्या तोंडी आहे. काम येणाऱ्या माणसाचेही काम एखाद्या वेळी साफ फसते. पंचवीस वर्षे टेबलावर बसलेला हेडक्लार्क एखाद्या दुपारी अशी बेरीज मांडतो की शिपाईसुद्धा हसतो. ती चूक झाली. चुकीला किती शिक्षा द्यायची?

मग एकाने मोबाइल काढून 'गुंडा' लावला. हाही १९९८ चाच. दिग्दर्शक कांती शाह, नायक मिथुन चक्रवर्ती. मिथुन त्या काळात उटीला राहत आणि असे कमी खर्चाचे, झटपट उरकलेले पिक्चर एकामागून एक करीत. 'गुंडा'त खलनायक यमक जुळवून बोलतात आणि आजची पोरे पोट धरून हसतात. "दादा, इतका वाईट आहे की मजा येते," असे त्यांचे म्हणणे. मीही हसलो, खोटे कशाला बोलू? पण त्याच पिक्चरमध्ये बाईवरच्या अत्याचाराचेही यमक करून टाकले आहे. तिथे मावशी उठून उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "बंद कर ते." पोराने मुकाट्याने बंद केले. त्यावर कुणी चर्चा केली नाही, आणि तशी गरजही नव्हती.

निव्वळ हसायला लावणारा वाईट पिक्चर पाहायचा तर अमेरिकेकडे जावे लागेल. तिथे एड वूड नावाचा दिग्दर्शक होता. जवळ पैसा नाही, पण पिक्चर काढायचे विलक्षण वेड. १९५६ मध्ये त्याने 'प्लॅन ९ फ्रॉम आउटर स्पेस'चे काम सुरू केले. परग्रहावरचे लोक पृथ्वीवर येतात आणि थडग्यांतली मढी उठवतात, अशी कथा. त्यात बेला लुगोसी या नटाला दाखवायचे होते. १९३१ च्या 'ड्रॅक्युला'मुळे जगभर गाजलेला हा नट उतारवयात हालाखीत आला होता. पण त्याच वर्षी ऑगस्टमध्ये लुगोसी वारला. त्याचे आधी घेऊन ठेवलेले थोडेसे चित्रण तेवढे वूडच्या हाती होते. आता काय करावे? वूडने आपल्या बायकोच्या हाडवैद्याला लुगोसीच्या जागी उभे केले! तो उंचीने जास्त, चेहऱ्याने अगदी वेगळा. म्हणून तो पडद्यावर येईल तेव्हा काळ्या झग्याने तोंड झाकून फिरतो. पैसा चर्चच्या मंडळींनी घातला आणि त्यांच्यासाठी काही नटांनी बाप्तिस्माही घेतला. थडगी पुठ्ठ्याची, धक्का लागला की हलणारी. एकाच प्रसंगात घटकेत दिवस, घटकेत रात्र.

वूड १९७८ मध्ये दारिद्र्यात वारला. दोनच वर्षांनी मेडव्हेड बंधूंच्या एका पुस्तकात वाचकांची मते घेऊन 'प्लॅन ९' हा आजवरचा सर्वांत वाईट पिक्चर ठरवला गेला. आणि गंमत बघा, तेव्हापासून लोक तो शोधून शोधून बघू लागले. १९९४ मध्ये टिम बर्टन या मोठ्या दिग्दर्शकाने खुद्द वूडवर पिक्चर काढला आणि त्यात लुगोसीचे काम करणाऱ्या मार्टिन लँडाऊला ऑस्कर मिळाले.

हे सांगितल्यावर बाबा म्हणाले, "त्या बिचाऱ्याला वाईट म्हणू नका. जे त्याच्याकडे नव्हतं ते त्यानं आणायचं कुठून?" बाबांची ही दुसरी कसोटी मला पटली. आमच्या जयंतीच्या नाटकात एका वर्षी ऐन भाषणात पात्राची मिशी गळून पडली होती. पोराने ती उचलून खिशात घातली आणि पुढचे वाक्य म्हटले. एक माणूस हसला नाही.

इतका वेळ एक मुलगी गप्प बसून होती. बारावीला आहे, वाचनालयाची पुस्तके तीच नोंदवते. ती म्हणाली, "काका, माझ्या मते 'धडक'."

पोरे तिच्यावर तुटूनच पडली. 'धडक' वाईट? फोटोग्राफी बघ, उदयपूरचा तलाव बघ, अजय-अतुलची गाणी आहेत, 'झिंगाट'सुद्धा आहे. वर धंदाही झाला. धंद्याची कसोटी मी बाजूला ठेवायला सांगितली. 'शोले' पडला, असे सुरुवातीला धंद्यातले लोकच म्हणत होते. पुढे तो मुंबईच्या मिनर्व्हा टॉकीजला पाच वर्षांहून जास्त चालला. एवढ्या पिक्चरला फिल्मफेअरचे बक्षीस मिळाले ते एकच, संकलक एम. एस. शिंदे यांना. (आपल्या मराठी माणसाचे नाव किती जणांना ठाऊक आहे?) तेव्हा गल्ल्याची साक्ष फार धरू नये.

पण मुलीचे म्हणणे काय होते? 'सैराट' २९ एप्रिल २०१६ रोजी आला, नागराज मंजुळे यांचा. मराठीत शंभर कोटींचा आकडा ओलांडणारा पहिला पिक्चर. त्यात परश्या मासेमारी करणाऱ्याचा मुलगा, आर्ची पाटलाची मुलगी. वर्गात शिकवणाऱ्या मास्तरांच्या कानशिलात पाटलाचा पोरगा लगावतो. परश्याचा बाप जातपंचायतीपुढे स्वतःच्याच थोबाडीत मारून घेतो. शेवटी दोन प्रेते पडतात तेव्हा ती का पडली हे लहान पोरालाही विचारावे लागत नाही. २० जुलै २०१८ रोजी याच गोष्टीवरून हिंदीत 'धडक' आला. त्यात हॉटेलवाल्याचा मुलगा आणि राजघराण्यातली मुलगी. जातीचा उल्लेख एखाद-दुसऱ्या वाक्यात येतो आणि विरून जातो. पुढे सगळी भानगड बापाच्या निवडणुकीची आणि खानदानाच्या इज्जतीची. शेवट थोडा बदलला आहे. मुलगी वाचते, तिचा नवरा आणि मूल मारले जातात. रक्त सांडायचे ते सांडतेच.

मला त्या क्षणी बी.कॉम.चा वर्ग आठवला. हिशेबतपासणीच्या विषयात एक प्रकरण होते, चुका आणि अफरातफर. चूक अजाणता होते, अफरातफर जाणूनबुजून. आमचे सर सांगत, खतावणीत एक बाजू चुकली तर तेरीज जुळत नाही आणि चूक उघडी पडते. पण एखादा व्यवहार कीर्दीत लिहिलाच नाही, दोन्ही बाजूंनी गाळला, तर तेरीज तंतोतंत जुळते. वही बघणाऱ्याला वाटते, काय सुबक हिशेब! म्हणून मुरलेला माणूस रकमा खोडत बसत नाही. तो नोंदच करीत नाही. 'आग'ची तेरीज जुळत नाही हे पाचव्या मिनिटाला कळते. 'प्लॅन ९'ची तर वहीच फाटकी. 'धडक'ची तेरीज मात्र जुळते. गाणी आहेत, तलाव आहे, पळून जाणे आहे, खून आहे. फक्त एक नोंद गाळली आहे, आणि ज्यांनी 'सैराट'चे हक्क घेतले त्यांना ती नोंद माहीत नव्हती असे कसे म्हणावे?

कुरियरवाला म्हणाला, "दादा, प्रत्येक पिक्चरमध्ये जात असलीच पाहिजे का? लोक करमणुकीला जातात." प्रश्न रास्त आहे. मी म्हटले, मुळीच नाही. ज्या गोष्टीत तिचे काम नाही तिथे ओढून आणू नका. पण इथे ती खुनाचे कारण आहे. कारण काढून घेतले आणि खून तेवढा ठेवला, तर शिल्लक काय राहिले? बापाचा तापट स्वभाव. तापट बाप तर घरोघरी असतात.

मुलगी त्यानंतर थोडेच बोलली. तिच्या भावाने दोन वर्षांपूर्वी परजातीतल्या मुलीशी रजिस्टर लग्न केले आणि तो दुसऱ्या राज्यात राहतो. पत्ता घरात फक्त आईला ठाऊक. सुनेच्या माहेरचे अजून मधूनमधून दारात येऊन विचारतात, कुठे आहेत? मुलगी म्हणाली, "मी 'धडक' मैत्रिणींबरोबर मोबाइलवर बघितला. संपल्यावर सगळ्या रडल्या. एक जण म्हणाली, किती दुष्ट बाप होता ना! मला सांगावंसं वाटलं की आमच्या वहिनीचे बाबा दुष्ट नाहीत. तिला फुलासारखं वाढवलंय त्यांनी. तरी दादा घरी येऊ शकत नाही. हे त्या पिक्चरमध्ये कुठं आहे?"

कुरियरवाल्याने तिच्यापुढे चहाचा कप सरकवला. तो गार झाला होता.

न्यायाने एक गोष्ट लिहिली पाहिजे. त्याच कंपनीने १ ऑगस्ट २०२५ रोजी 'धडक २' आणला. मारी सेल्वराज यांच्या २०१८ च्या 'परियेरुम पेरुमाल' या तमिळ पिक्चरवरून तो केलेला आहे. त्यात जात उघड बोलली जाते, कॉलेजात आणि घरातही. सेन्सॉरने त्यातले काही शब्द बदलायला लावले, तरी नोंद वहीत आली. धंद्यात तो पहिल्या 'धडक'च्या जवळपासही गेला नाही. आपल्यापैकी किती जण तिकीट काढून गेले? मी विचारले तेव्हा दोनच हात वर आले, आणि त्यात माझा नव्हता.

शेवटी मते घेतली. 'आग'ला ११, 'गुंडा'ला मावशींचे १, 'धडक'ला माझे धरून ३. बाबांनी कुणालाच मत दिले नाही. तो हाडवैद्यवाला पिक्चर कुठे बघायला मिळेल, हे ते विचारत होते.

पुढच्या रविवारी वाचनालयाच्या टीव्हीवर 'सैराट' लावायचे ठरले आहे. बहुतेकांनी पाहिलेला आहे, तरीही. मी मुलीला विचारले, आईला आणशील का? ती म्हणाली, "येईल. पण शेवटची दहा मिनिटं राहिली की आधी सांगा काका. ती उठून बाहेर जिन्यावर बसते."