उर्वरित आयुष्याचा देश

निवृत्तीनंतर काशीस जाऊन राहावे, ही इच्छा आपल्या समाजात एके काळी प्रतिष्ठेची मानली जात असे. काशीची निवड करताना कोणी हवामानाची, घरभाड्याची किंवा प्राप्तिकराची चौकशी करीत नसे. तेथे देह ठेवला की मोक्ष मिळतो, एवढी एकच सोय पुरेशी होती. आजच्या सुस्थित मध्यमवर्गाची काशी लिस्बनमध्ये, पेनांगमध्ये किंवा चिआंग माईमध्ये आहे. पुण्यातील वा नागपुरातील सदनिका विकून आणि भविष्यनिर्वाह निधीची रक्कम जमेस धरून उर्वरित वीस वर्षे कोणत्या देशात घालवावीत, याची कोष्टके घरोघरी मांडली जाऊ लागली आहेत. कोष्टकातील रकाने ठरलेले असतात: हवा, राहणीचा खर्च, कर, रुग्णालये आणि रहिवासाच्या परवान्याच्या अटी.

या विचाराची टवाळी करण्याचे कारण नाही. ज्या शहरात म्हाताऱ्या माणसाला रस्ता ओलांडणे हे साहस वाटते, जेथे एका शस्त्रक्रियेत आयुष्याची शिल्लक संपते आणि जेथे मुले परदेशी गेल्याने घर रिकामे झालेले असते, त्या शहराविषयी कृतज्ञ राहा, असा उपदेश वृद्धांना करणे हा दांभिकपणा होय. माणसाने देश बदलणे हा देशद्रोहही नव्हे. प्रश्न निराळाच आहे. या कोष्टकांतून निवडले जाते ते नेमके काय, हा तो प्रश्न आहे.

परवान्यांच्या अटी पाहिल्या म्हणजे उत्तर दिसू लागते. थायलंडमध्ये पन्नाशी उलटलेल्या परकीयास निवृत्त म्हणून राहता येते. त्यासाठी बँकेत ८ लाख बाट ठेवावे लागतात किंवा दरमहा ६५ हजार बाटांचे उत्पन्न दाखवावे लागते. परवाना वर्षावर्षाने वाढवून घ्यावा लागतो, दर ९० दिवसांनी आपला पत्ता सरकारला कळवावा लागतो आणि कामधंदा करता येत नाही. मलेशियाने २००२ मध्ये ‘मलेशिया हे माझे दुसरे घर’ अशा अर्थाचे गोड नाव देऊन एक योजना काढली. २०२१ मध्ये त्या दुसऱ्या घराच्या दाराची उंची एकदम वाढली: अपेक्षित मासिक उत्पन्न १० हजार रिंगिटवरून ४० हजार रिंगिटवर गेले. पुढे २०२४ मध्ये योजनेची रचना पुन्हा बदलली. पोर्तुगालने निवृत्तांना खेचून आणणारी करसवलतीची योजना २०२४ पासून नव्या येणाऱ्यांसाठी बंद केली. या देशांनी अन्याय केला असे नव्हे. ते त्यांच्या नागरिकांना उत्तरदायी आहेत, परवानाधारकास नाहीत.

मुलांच्या पाठोपाठ जाणाऱ्या आईवडिलांची कथा याहून वेगळी नाही. ऑस्ट्रेलियात पालकांसाठी असलेल्या कमी शुल्काच्या कायम परवान्यास नव्या अर्जदारांनी सुमारे तीस वर्षे थांबावे, असे तेथील शासनच सांगते. साठीत अर्ज करणाऱ्याने नव्वदीत उत्तराची अपेक्षा करावी, असा याचा सरळ अर्थ. अमेरिकेत मुलाच्या नागरिकत्वाच्या आधारे ‘ग्रीन कार्ड’ मिळालेल्या, पण स्वतः तेथे नोकरी न केलेल्या वृद्धाला वयाची ६५ वर्षे आणि सलग पाच वर्षांचे वास्तव्य पूर्ण झाल्याखेरीज पैसे भरूनही ‘मेडिकेअर’मध्ये शिरता येत नाही. भारताला दुहेरी नागरिकत्व मान्य नाही. त्यामुळे परदेशाचे पूर्ण सदस्यत्व घ्यायचे तर येथले सोडावे लागते. ते सोडलेल्यांसाठी २००५ पासून ‘ओसीआय’ची सोय आहे, परंतु तिच्यात मतदानाचा हक्क नाही आणि शेतजमीन विकत घेण्याची मुभाही नाही.

तात्पर्य, कोष्टकातून निवडला जातो तो देश नव्हे, परवाना. परवाना म्हणजे पैसे आणि प्रकृती शाबूत असेपर्यंत राहू देण्याची संमती. वार्धक्याचा धर्म असा, की नेमक्या याच दोन गोष्टी त्यात उत्तरोत्तर क्षीण होत जातात. ज्या दिवशी माणसाला आधाराची सर्वाधिक गरज असते, त्याच दिवशी परवानाधारकाचा पाया सर्वांत कच्चा असतो.

या कोष्टकात भामरागडचे नाव कधीच येणार नाही. गडचिरोली जिल्ह्याच्या आग्नेय टोकाला, पर्लकोटा, पामुलगौतम आणि इंद्रावती या नद्यांच्या संगमावर वसलेल्या या गावाचा, पर्लकोटेवरचा ठेंगणा पूल पावसाळ्यात पाण्याखाली जाऊन, जगाशी संबंध तुटण्याचे प्रसंग वर्षानुवर्षे घडत आले आहेत. सरकारी नोकरांच्या बोलीत इकडची बदली म्हणजे शिक्षा. नागपुरातील सुखवस्तू कुटुंबास मनाने लिस्बन जवळ आहे आणि भामरागड दूर. तथापि परक्या मुलखात जाऊन अखेरपर्यंत राहण्यासाठी काय लागते, या प्रश्नाचे उत्तर शोधायचे तर ते याच परिसरात सापडते. कारण येथे बाहेरून आलेले लोक राहिले आहेत, रुजले आहेत आणि काही उखडलेही गेले आहेत.

भामरागडलगतच्या हेमलकसा येथे २३ डिसेंबर १९७३ रोजी बाबा आमटे यांनी लोकबिरादरी प्रकल्प सुरू केला आणि डॉ. प्रकाश व डॉ. मंदाकिनी आमटे हे तरुण दांपत्य तेथे राहावयास गेले. एक शस्त्रक्रियेचे पदव्युत्तर शिक्षण सोडून आलेला, दुसरी भूलतज्ज्ञ. मुलूख महाराष्ट्रातलाच, पण त्यांच्यासाठी तो कोणत्याही परदेशाइतका परका होता. भाषा माडिया, जी मराठीशी नात्याने जोडलेलीही नाही. वीज नाही, रस्ता नाही आणि ज्यांच्यासाठी दवाखाना उघडला ते आदिवासी जवळ येण्यास कचरत होते. या दांपत्याने प्रथम भाषा शिकून घेतली. अंगभर वस्त्र नसलेल्या लोकांत वावरायचे म्हणून डॉक्टरांनी अर्धी चड्डी आणि बनियन हाच आपला वेष केला. दवाखान्यामागून १९७६ मध्ये शाळा आली. २००८ मध्ये मॅगसेसे पुरस्काराने जगाचे लक्ष तिकडे गेले. पण पुरस्काराहून मोठी साक्ष निराळीच आहे. त्यांची पुढची पिढी त्याच ठिकाणी काम करीत आहे. ज्या जागेत आपली मुले स्वेच्छेने राहतात, ती जागा आपली झाली असे समजण्यास हरकत नाही.

नदीपलीकडच्या बस्तरशी आणखी एक नाव जोडलेले आहे. व्हेरिअर एल्विन हा इंग्रज १९२७ मध्ये पुण्याच्या ख्रिस्त सेवा संघात आला. शामराव हिवाळे या मराठी मित्रासह १९३२ मध्ये तो मंडला जिल्ह्यातील करंजिया या गोंड गावी राहावयास गेला. बस्तरमध्ये हिंडून त्याने मुरियांच्या घोटुलावर लिहिलेला ग्रंथ १९४७ मध्ये प्रसिद्ध झाला. १९५४ मध्ये त्याने भारताचे नागरिकत्व घेतले आणि १९६४ मध्ये दिल्लीत त्याचे निधन झाले. त्याने परवाना मागितला नाही, सदस्यत्व मागितले. परंतु या कथेची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. कोसी या गोंड तरुणीशी त्याने केलेला विवाह १९४९ मध्ये घटस्फोटाने संपला आणि तिचे पुढील आयुष्य हलाखीत गेले. त्याला परत जाण्यासाठी मोठे जग होते, तिला नव्हते. बाहेरून येणारा कितीही प्रेमाने आला तरी त्याच्याजवळ परतीचे तिकीट असते आणि यजमानाजवळ ते नसते, ही विषमता परदेशी स्थायिक होऊ पाहणाऱ्या प्रत्येकाने ध्यानात ठेवावी अशी आहे.

चंद्रपूरच्या दक्षिणेस, पूर्वीच्या आदिलाबाद जिल्ह्यातील मारलवाई या गोंड गावात बेट्टी हायमेनडॉर्फ या इंग्रज स्त्रीची समाधी आहे. तिचा पती क्रिस्टोफ हा व्हिएन्नाचा मानववंशशास्त्रज्ञ. दुसऱ्या महायुद्धामुळे शत्रुराष्ट्राचा नागरिक ठरलेल्या या माणसाने निजामाच्या राज्यात गोंडांमध्ये वास्तव्य केले, त्यांच्या जमिनीच्या आणि शिक्षणाच्या प्रश्नांत लक्ष घातले. या कामात बेट्टी त्याची सहकारी होती. पुढे दोघांचे घर लंडनमध्ये होते. १९८७ मध्ये बेट्टीचे हैदराबादेत निधन झाले तेव्हा तिला मूठमाती मिळाली ती मारलवाईत. रहिवासाचा कोणताही परवाना ही जागा देऊ शकला नसता.

हे सारे स्वेच्छेने आले. स्वेच्छेविना आलेल्यांची कहाणी अधिक बोलकी आहे. पूर्व पाकिस्तानातून निर्वासित झालेल्या बंगाली कुटुंबांसाठी केंद्र सरकारने १९५८ मध्ये दंडकारण्य योजना आखली. पुढील काळात तेव्हाच्या चांदा जिल्ह्यातही अशा कुटुंबांना जमिनी देऊन वसविण्यात आले. आजच्या गडचिरोलीतील मुलचेरा आणि चामोर्शी या तालुक्यांतील बंगाली वस्त्या त्याच काळातील आहेत. कोष्टकाच्या भाषेत बोलायचे तर या लोकांना जमीन मिळाली, घर मिळाले, सुरक्षितता मिळाली. मिळाले नाही ते पाणथळ मुलखाचे सवयीचे जीवन आणि आपली बोली बोलणारा शेजार. १९७८ मध्ये दंडकारण्यातील निरनिराळ्या वसाहतींतून हजारो निर्वासित उठले आणि सुंदरबनातील मरिचझापी बेटावर जाऊन राहिले. १९७९ च्या मे महिन्यात पश्चिम बंगाल सरकारने त्यांना बळाने तेथून हुसकले. मिळालेली जमीन सोडून माणसे खाऱ्या पाण्याच्या बेटाकडे का धावली, याचे उत्तर अर्थशास्त्रात मिळत नाही. जे मागे राहिले ते मात्र शेती करीत, मराठी शिकत येथलेच झाले. स्थलांतर पचते, पण ते पचण्यास एक पिढी जावी लागते. साठीत निघणाऱ्याजवळ ती पिढी शिल्लक नसते.

सदस्यत्व कायद्याने मिळाले तरी भागत नाही, याचाही दाखला मराठी माणसाच्या इतिहासातच आहे. कोकणातील बेने इस्रायली लोक १९४८ नंतर इस्रायलला जाऊ लागले. परतून येण्याचा हक्क त्यांना त्या देशाने दिलेला होता. तरीही तेथील धर्मपीठाने त्यांच्या ज्यूपणाविषयी, विशेषतः त्यांच्या विवाहांविषयी, शंका काढली. त्यांनी निदर्शने केली आणि १९६४ मध्ये त्यांचे स्थान निःसंदिग्धपणे मान्य करवून घेतले. हक्कासाठी झगडण्याची ताकद आणि झगडणारा समाज, ही दोन्ही त्यांच्यापाशी होती. चिआंग माईतील एकटे मराठी जोडपे कोणाच्या बळावर झगडणार?

यावर एक आक्षेप रास्त आहे. हेमलकसा हा ध्येयवाद्यांचा मार्ग झाला. सामान्य निवृत्ताने काय करावे? शिवाय खुद्द डॉ. प्रकाश आमटे यांनाही २०२२ मध्ये कर्करोगावरील उपचारांसाठी पुणे गाठावे लागले. आपुलकीने कर्करोग बरा होत नाही, रुग्णालयाने होतो. म्हणून कोष्टकातील रुग्णालयाचा रकाना कोणी खोडू नये. त्याच्याआधी तीन प्रश्न मात्र लिहावेत. तेथली भाषा शिकण्याची माझी तयारी आहे काय? माझ्या उपयोगाची वाट पाहणारे तेथे कोणी आहे काय? आणि माझा जोडीदार गेल्यावर, पैसा आटल्यावर, स्मृती गेल्यावर, माझ्यावतीने बोलणारे तेथे कोण असेल? या तिहींची उत्तरे नकारार्थी असतील, तर सहा महिन्यांचा मुक्काम करून परत यावे. त्यात कमीपणा नाही. उत्तरे होकारार्थी असतील, तर खुशाल जावे. आणि शक्यतो साठीपूर्वीच जाणे सुरू करावे.

शासनालाही या प्रवृत्तीतून काही शिकता येईल. अमेरिकेशी सामाजिक सुरक्षेचा करार आजवर झालेला नाही. त्यामुळे तेथे काही वर्षे राबून परतणाऱ्या अनेकांची कापलेली वर्गणी त्यांच्या वार्धक्याला उपयोगी पडत नाही. हा प्रश्न धसास लावणे सरकारच्या हाती आहे. मात्र त्याहून जवळचा प्रश्न ज्यांना कोणताच देश निवडता येत नाही त्यांचा आहे. महाराष्ट्रात श्रावणबाळ योजनेतील दरमहाची मदत २०२३ मध्ये १००० रुपयांवरून १५०० रुपये करण्यात आली. ४० हजार रिंगिटच्या चर्चेशेजारी हा आकडा ठेवून पाहावा.

रहिवासाच्या पुराव्याची गोष्टही अशीच आहे. २००६ च्या वनहक्क कायद्यानुसार जंगलातील आदिवासीला १३ डिसेंबर २००५ पूर्वीपासूनचे आपले वास्तव्य दाखवावे लागते. आदिवासी नसलेल्या वननिवासीला तर त्या तारखेपूर्वीच्या तीन पिढ्यांचे, म्हणजे ७५ वर्षांचे. ज्यांच्या पूर्वजांनी या जंगलाबाहेरचे जग पाहिले नाही त्यांनी येथले असल्याची कागदपत्रे जमवायची आणि ज्याच्यापाशी शिल्लक आहे त्याने नकाशावर बोट ठेवून देश निवडायचा, अशी ही आजच्या जगाची रीत आहे.

पर्लकोटेला पूर आला की भामरागडच्या म्हाताऱ्यांना कोठेही जाता येत नाही. त्या दिवसांत त्यांच्याजवळ सुसज्ज रुग्णालय नसते आणि ते असले पाहिजे, याविषयी दुमत होऊ नये. त्यांच्याजवळ असतो तो त्यांना नावाने ओळखणारा गाव. परदेश निवडणाऱ्यास रुग्णालय मिळेल. गाव मिळेलच असे नाही. शहाण्या समाजाने आपल्या वृद्धांवर या दोहोंतून एकाची निवड करण्याची पाळी आणू नये. ती पाळी आज नागपूरच्या वृद्धावर आली आहे आणि भामरागडच्या वृद्धाला तर निवडही नाही. ज्या दिवशी भामरागडची बदली ही शिक्षा राहणार नाही, त्या दिवशी लिस्बनची कोष्टके मांडण्याची गरजही पुष्कळ कमी झालेली असेल.