नावे कोणाची, आकडे कोणाचे?

सातारा जिल्ह्यातील अपशिंगे ह्या गावास सारा मुलूख ‘अपशिंगे मिलिटरी’ म्हणून ओळखतो. पहिल्या महायुद्धात ह्या एका गावची ४६ माणसे कामी आली आणि तत्कालीन सरकारने त्यांच्या स्मरणार्थ गावात स्मारक उभारले. देशाच्या अनेक भागांत अशा शिळा वेशीपाशी किंवा चावडीच्या भिंतीत बसविलेल्या आढळतात. त्यांवरील मजकूर जवळजवळ ठरलेला असतो: ह्या गावातून इतके लोक १९१४ ते १९१९च्या महायुद्धास गेले, पैकी इतक्यांनी प्राण दिले. आकडे दोन, नाव बहुधा एकही नाही. ज्याचे सारे आयुष्य अर्थशास्त्र शिकविण्यात गेले, त्याला आकड्यांचे वावडे असण्याचे कारण नाही. तथापि जनावरांची मोजदादही आकड्यांनीच होते, हे विसरून चालत नाही.

हा प्रकार केवळ खेड्यापाड्यांपुरता होता असेही नाही. मेसोपोटेमियाच्या मोहिमेत मराठा पलटणींचा फार मोठा वाटा होता. कुत-अल-अमाराच्या वेढ्यात सहाव्या पुणे डिव्हिजनबरोबर ११०वी व ११७वी मराठा पलटण अडकून पडली. उपासमारीने जेरीस आलेली ती फौज २९ एप्रिल १९१६ रोजी शरण गेली आणि पुढे कैदेत किती मेले ह्याची गणती वेगळीच. त्या मोहिमेत मृत झालेल्या आणि ज्यांची थडगी ज्ञात नाहीत अशा चाळीस हजारांहून अधिक लोकांसाठी बसरा येथे १९२९ साली स्मारक झाले. त्यावर ब्रिटिश सैन्यातील साधा शिपाईसुद्धा नावानिशी आहे. हिंदी सैन्यापैकी नावे मात्र अधिकाऱ्यांची. शिपायांच्या वाट्यास पलटणीचे नाव आणि त्यापुढे एक संख्या. सातारा-रत्नागिरीच्या ज्या घरातून मनिऑर्डर यावयाची थांबली, त्या घराला बसऱ्याच्या भिंतीवर वाचण्याजोगे काही नव्हते.

राष्ट्रकुल युद्धसमाधी आयोगाने एप्रिल २०२१ मध्ये आपल्याच दप्तराची तपासणी करून अहवाल प्रसिद्ध केला. हिंदी, आफ्रिकी व इजिप्शियन अशा सुमारे ४५ ते ५४ हजार मृतांचे स्मरण इतरांच्या तुलनेत विषमतेने केले गेले. आणखी निदान १ लक्ष १६ हजार, कदाचित साडेतीन लक्षांपर्यंत माणसे अशी की, त्यांचे नाव कोठेच नाही, असे त्यात कबूल केले आहे. आयोगाने क्षमाही मागितली. शंभर वर्षांनंतरच्या ह्या क्षमेची खिल्ली उडविणे सोपे आहे. आम्ही ती उडविणार नाही. कारण निदान त्या लोकांनी आपली जुनी कागदपत्रे उघडून पाहिली. आपण आपली केव्हा पाहणार, एवढाच आमचा प्रश्न आहे. मुंबईत मस्जिद बंदराच्या बाजूस खलाशांच्या निवासगृहात पहिल्या महायुद्धात समुद्रावर गेलेल्या दोन हजारांहून अधिक खलाशांचे स्मारक आहे. हे आगवाले, कोळसेवाले, लष्कर म्हटले जाणारे जहाजी मजूर. त्यांची नावे तेथे आहेत. ती वाचावयास मुंबईतील किती मंडळी जातात?

नाव कोरले गेल्याने प्रत्यक्षात काय फरक पडतो, असे व्यवहारी माणूस विचारील. त्याला आम्ही भीमेच्या काठी घेऊन जाऊ. कोरेगावचा स्तंभ ईस्ट इंडिया कंपनीने १ जानेवारी १८१८च्या स्वतःच्या विजयासाठी उभारला. त्यात महार शिपायांच्या उद्धाराचा हेतू शोधण्याचा भाबडेपणा कोणी करू नये. परंतु त्या स्तंभावर मृतांची नावे होती, आणि त्या ४९ नावांपैकी २२ नावे महारांची होती. ‘नाक’ हा प्रत्यय स्पष्ट वाचता येत होता. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस ह्याच समाजाला लष्करभरतीची दारे बंद झाली, तेव्हा गोपाळबाबा वलंगकर आणि पुढे शिवराम जानबा कांबळे ह्यांनी सरकारकडे अर्ज केले. त्या अर्जांच्या मागे पूर्वजांच्या लष्करी सेवेचा हा दगडी दाखला उभा होता. १९१७ साली १११वी महार पलटण उभी राहिली, गरज सरताच १९२१ मध्ये मोडली गेली. १ जानेवारी १९२७ रोजी डॉ. आंबेडकर त्या स्तंभापाशी गेले. १९४१ साली महार रेजिमेंट स्थापन झाली. कंपनीने आपल्या गौरवासाठी कोरलेली नावे शंभर वर्षांनी त्यांच्या वारसांच्या हाती हक्काचा कागद होऊन आली. तेथे ‘इतके हिंदी शिपाई’ एवढाच आकडा कोरला असता, तर हे कधीच घडले नसते.

एवढे प्रास्ताविक एका लहानशा समारंभामुळे करावे लागले. गेल्या काही वर्षांत एका तालुक्याच्या गावी हुतात्मा स्मारकापाशी माजी सैनिकांचा सत्कार झाला, त्यास आम्ही पाहुणे म्हणून उपस्थित होतो. आयोजकांचा हेतू निखळ होता, हे प्रथमच सांगितले पाहिजे. एकेका माजी सैनिकाचे नाव पुकारले गेले: हुद्दा, पलटण, कोणत्या लढाईत होता ते, मग शाल, श्रीफळ आणि टाळ्या. त्यानंतर ‘आता आपल्या वीरपत्नी व सैनिक-भगिनी’ अशी घोषणा झाली. स्त्रिया एका रांगेत आल्या. सुवासिनींच्या ओट्या भरल्या गेल्या, इतरांना साडी दिली गेली. हुद्दा नाही, पलटण नाही. पुष्कळींच्या बाबतीत नावही पतीच्या नावाने. त्या रांगेत पंचाहत्तरी ओलांडलेल्या एक बाई होत्या. पदराच्या वर छातीशी पदके लावलेली. निवेदकाने ‘सैनिक-पत्नी’ म्हणून त्यांचा उल्लेख केला. वस्तुतः त्यांचे यजमान शाळामास्तर होते आणि त्यांनी उभ्या जन्मात बंदूक हाती धरली नव्हती. बाई स्वतः लष्करी परिचर्या सेवेतून मेजर म्हणून निवृत्त झालेल्या. १९७१च्या युद्धात जखमींच्या गाड्या रात्रभर येत, त्या इस्पितळात त्यांनी काम केलेले. त्यांनी ओटी घेतली, नमस्कार केला आणि जागेवर जाऊन बसल्या. नंतर चहाच्या वेळी आम्ही विचारले, तेव्हा म्हणाल्या, “अहो सर, दर साली हेच. आधी सांगत असे. मग सांगायचं सोडलं.”

निवेदकाला दोष देण्यात अर्थ नाही. त्याच्या हातातील यादीत दोनच रकाने होते: एक सैनिकांचा, दुसरा सैनिकांच्या बायकांचा व आयांचा. रकाने ज्याने आखले त्याच्या डोक्यात सैनिक हा पुरुष होता, आणि स्त्री ही त्याच्यामागे राहिलेली.

इतिहास असा नाही. लष्करी परिचारिकांची पहिली तुकडी १८८८ साली मुंबई बंदरात उतरली. दिल्लीच्या इंडिया गेटवर जी तेरा हजारांहून अधिक नावे आहेत, त्यांत १९१९ साली मृत्यू पावलेल्या एका परिचारिकेचे नाव आहे. तेरा हजारांत एक! १९४३ साली सिंगापूर येथे आझाद हिंद फौजेची राणी झाशी रेजिमेंट उभी राहिली, तिचे नेतृत्व डॉ. लक्ष्मी स्वामीनाथन् ह्यांनी केले आणि तिच्यात दाखल झालेल्या मुलींपैकी बहुतेक मलायातील रबरमळ्यांवर राबणाऱ्या तमिळ मजुरांच्या लेकी होत्या. ज्यांनी भारत डोळ्यांनी पाहिलाही नव्हता, त्यांनी त्याच्या स्वातंत्र्यासाठी गणवेश चढविला. आझाद हिंद फौजेच्या मृतांसाठी सुभाषबाबूंनी ८ जुलै १९४५ रोजी सिंगापूरच्या समुद्रकिनारी स्मारकाचा पाया घातला. ब्रिटिश परत आले आणि त्यांनी सप्टेंबरमध्येच ते सुरुंग लावून उडविले. स्मारक म्हणजे नुसता दगड असता, तर विजयी साम्राज्याला तो उडविण्याची एवढी घाई झाली नसती.

स्वतंत्र भारताच्या सैन्याने परिचारिका व डॉक्टर ह्यांखेरीज अन्य शाखांत स्त्री अधिकारी घेण्यास १९९२ साली प्रारंभ केला. आरंभी पाच वर्षांसाठी, मग मुदत वाढत वाढत चौदा वर्षे. अधिकाऱ्याच्या निवृत्तिवेतनास वीस वर्षांची सेवा लागते. हिशेब उघड आहे. बाविसाव्या-तेविसाव्या वर्षी घेतलेली मुलगी छत्तीस-सदतिसाव्या वर्षी उपदान हाती देऊन घरी पाठवावयाची. तिच्या उमेदीची वर्षे देशाने घ्यावयाची आणि उतारवय तिच्या तिच्यावर सोडावयाचे. पुरुषाला अल्पसेवेनंतर कायम कमिशनचा मार्ग खुला होता, स्त्रीला तो दोन शाखांखेरीज बंद. हे प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले, तेव्हा सरकारपक्षाने एक युक्तिवाद असाही केला की, जवान बहुतांशी ग्रामीण पार्श्वभूमीचे, ते स्त्री अधिकाऱ्याचा हुकूम स्वीकारण्यास मनाने तयार नाहीत. पाहा कसे आहे! बसऱ्याच्या भिंतीवर खेड्यातील शिपायाला नाव मिळाले नाही. दिल्लीच्या न्यायालयात मात्र स्त्रीचा हक्क नाकारण्यासाठी त्याला साक्षीदार म्हणून उभे करण्यात आले. ज्या जवानाची आई शेतावर अन् घरी त्याच्यावर हुकूमच चालवीत आली, त्याच्या नावावर हा आळ! १७ फेब्रुवारी २०२० रोजी न्यायालयाने तो युक्तिवाद फेटाळला. २५ मार्च २०२१ रोजी पुन्हा सांगावे लागले की, निवडीचे निकष वरवर समान दिसले तरी त्यांची घडण पुरुषांच्या सोयीने झालेली आहे. नोव्हेंबर २०२२ मध्ये हवाई दलातील ३२ निवृत्त स्त्री अधिकाऱ्यांना, त्यांनी वीस वर्षे सेवा केली असे धरून, निवृत्तिवेतनासाठी विचारात घ्यावे, असा आदेश झाला. बत्तीस जणींचा हा प्रश्न सुटण्यासाठी देशाच्या सर्वोच्च न्यायासनापर्यंत जावे लागले.

लंडनमध्ये दुसऱ्या महायुद्धातील स्त्रियांचे स्मारक २००५ साली, म्हणजे युद्ध संपून साठ वर्षांनी झाले. त्यावर सतरा पोशाख खुंट्यांना टांगलेले कोरले आहेत. आत माणूस नाही, चेहरा नाही, नाव नाही. शिल्पकाराने त्यात काही अर्थ योजिला असेल. आम्हांला मात्र ते काम झाल्यावर परत जमा केलेल्या गणवेशांसारखे वाटते.

नवी दिल्लीतील राष्ट्रीय समर स्मारक २५ फेब्रुवारी २०१९ रोजी खुले झाले. उद्घाटनाच्या वेळी त्यावर स्वातंत्र्योत्तर काळात कामी आलेल्या २५,९४२ सैनिकांची नावे होती. प्रत्येकाची वेगळी पाटी, वर्तुळाकार भिंतींत बसविलेली. हुद्द्याने मोठा-लहान असा भेद न ठेवता प्रत्येकाला सारखीच वीट, ही कल्पना आम्हांस मनापासून आवडते. बसऱ्याच्या भिंतीला हे योग्य उत्तर आहे, आणि ते आपण दिले, ह्याचा अभिमान बाळगावयास हरकत नाही. पण दगडावर जी समता आली ती वहीत आली काय? १७ डिसेंबर १९८२च्या नाकरा खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने निःसंदिग्ध शब्दांत सांगितले की, निवृत्तिवेतन ही धन्याची मेहेरबानी नव्हे, तो केलेल्या सेवेचा मोबदला आहे. आम्ही वर्गात हेच ‘लांबणीवर टाकलेले वेतन’ म्हणून शिकवीत होतो. आता जून २०२२ मध्ये जाहीर झालेल्या अग्निपथ योजनेच्या अटी पाहा. चार वर्षांची सेवा; फार तर चौथा हिस्सा कायम; उरलेल्यांना सुमारे ११ लक्ष ७१ हजार रुपयांचा सेवानिधी, ज्यात निम्मे त्यांचेच पैसे; निवृत्तिवेतन नाही, उपदान नाही, माजी सैनिकाचा दर्जाही नाही. ह्या योजनेत मुलीही घेतल्या जातात, हे स्वागतार्हच. स्त्री-पुरुष समतेचा हा एक विचित्र मार्ग झाला: जो हक्क स्त्रियांनी तीस वर्षे भांडून मिळविला, तो आता पुरुषांच्याही हातून काढून घेण्यात आला. हा अग्निवीर लढाईत कामी आला तर समर स्मारकावर त्याचे नाव लागेल. जिवंत परतला तर अपशिंग्याच्या समारंभातील माजी सैनिकांच्या यादीत त्याला कोणत्या रकान्यात घालावयाचे?

वाढत्या निवृत्तिवेतनाचा बोजा अंदाजपत्रकास पेलत नाही, असे अर्थखात्याचे म्हणणे असते. तो आकडा मोठा आहे, हे आम्ही नाकारीत नाही. परंतु बोजा कमी करण्याचे ठरल्यावर कात्री सर्वांत खालच्या पायरीवरच का चालते, ह्याचा खुलासा आजवर कोणी केलेला नाही. अधिकाऱ्यांची कायम भरती पूर्ववत चालू आहे.

आमच्या काही मित्रांना हा सारा विषयच अप्रस्तुत वाटतो. युद्धस्मारके युद्धाचे उदात्तीकरण करतात, समाजवाद्यांनी त्यांपासून दूर राहावे, असे ते म्हणतात. ह्या मताविषयी आम्हांला आदर आहे. तरुणपणी आम्हीही असेच बोलत असू. पण युद्ध पुकारणारे एक आणि त्यात मरणारे दुसरे, हे ज्याला दाखवावयाचे आहे त्याने स्मारकापासून दूर का पळावे? तेथील नावांपुढे गावे लिहा, बापाचा धंदा लिहा. वर्गरचनेचे त्याहून बोलके कोष्टक दुसरे सापडणार नाही.

दरवर्षी ७ डिसेंबरला ध्वजदिन येतो आणि निधिसंकलनाबरोबर जागोजाग सत्कार होतात. त्याआधी प्रत्येक जिल्ह्याच्या सैनिक कल्याण कार्यालयाने आपल्या याद्या नव्याने कराव्यात. ज्या स्त्रीने स्वतः सेवा केली तिचे नाव सैनिकांच्या यादीत, तिच्या हुद्द्यासह व शाखेसह यावे. परिचारिका त्यात आल्याच पाहिजेत. वीरपत्नीचे व वीरमातेचे नाव तिच्या स्वतःच्या नावाने पुकारावे, आणि सत्काराच्या दिवशीच तिच्या कुटुंब निवृत्तिवेतनाची थकबाकी काही आहे काय, हे विचारणारा एक कारकून टेबल मांडून बसवावा. महायुद्धांच्या ज्या शिळांवर नुसते आकडे आहेत, त्या गावांतील नावे पलटणींच्या दप्तरांतून व जुन्या घरांतून अजून गोळा करता येतील. एखाद्या महाविद्यालयाच्या इतिहास विभागाने एक तालुका घेतला तरी दोन वर्षांचे काम आहे, खर्च जवळजवळ काहीच नाही. आणि त्या तालुक्याच्या गावच्या आयोजकांना आम्ही पत्र लिहून मेजरबाईंचा हुद्दा, सेवेची वर्षे व इस्पितळ कळविले आहे. त्यांचे उत्तर आले: पुढील वर्षी दुरुस्ती करू, शाल कोणत्या रंगाची आणावी ते कळवावे.