आधी तराजू तपासा!

पाठ धरून बसलेले कोणी नाही, असे घर आज शोधून सापडणे कठीण. अशा माणसाला व्यायामशाळेत हल्ली एक वाक्य हमखास ऐकू येते : 'तुमचे पोटाचे स्नायू झोपले आहेत!' मग ते जागे करण्यासाठी पट्टे, यंत्रे, महागडे वर्ग. माझा प्रश्न साधा आहे. ते झोपले आहेत हे मोजले कसे? आणि उद्या पुन्हा मोजले तर तेच उत्तर येईल काय?

या समजुतीमागे शास्त्र आहे, हे मान्य केले पाहिजे. १९९६ साली ऑस्ट्रेलियात हॉजेस आणि रिचर्डसन या संशोधकांनी पाठदुखी असलेले १५ आणि नसलेले १५ जण तपासले. हात झटकन हलवायला सांगितला, की निरोगी माणसांत धडाच्या स्नायूंपैकी पोटाचा सर्वांत खोल, आडवा स्नायू आधी कामाला लागे. दुखणाऱ्यांत त्याला उशीर होई. पण हा उशीर सेकंदाच्या अगदी लहान अंशाचा होता आणि तो टिपण्यासाठी बारीक तारा थेट स्नायूत घालाव्या लागल्या होत्या.

रोजच्या तपासणीत तारा कोण घालणार? तिथे कातडीवर इलेक्ट्रोड चिकटवतात. स्नायू आखडला की उमटणारी सूक्ष्म वीज ते टिपतात. पण इलेक्ट्रोड बोटभर सरकला, घाम आला, कातडीखाली चरबी जास्त असली, की आकडा बदलतो. शेजारच्या स्नायूची वीजही त्यात मिसळते. म्हणून माणसाला आधी 'सगळा जोर लावा' म्हणतात आणि त्या जोराशी बाकीचे आकडे ताडून पाहतात. पण सगळा जोर रोज सारखा लागतो का? झोप नीट झाली नसेल तर? तपासणारा 'आणखी, आणखी!' असे ओरडला नाही तर?

म्हणूनच निरोगी माणसांची मोजणी पुनःपुन्हा करणे महत्त्वाचे. ज्याला काहीच झालेले नाही, त्याचा सोमवारचा आणि गुरुवारचा आकडा किती जुळतो? समजा, त्यातच शंभरात वीसचा फरक पडत असेल, तर रुग्णात दिसलेली पंधरा टक्के 'सुधारणा' कशाची मानायची?

इथे आणखी एक फसगत होते. दोन मोजण्यांचा 'परस्परसंबंध उत्तम' असल्याचे अभिमानाने सांगितले जाते. परंतु १९८६ साली ब्लँड आणि ऑल्टमन यांनी 'लॅन्सेट'मध्ये दाखवून दिले, की संबंध आणि जुळणी या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. एक काटा प्रत्येकाचे वजन दोन किलो जास्त दाखवत असेल, तरी खऱ्या काट्याशी त्याचा संबंध अगदी पक्काच राहील!

कोणी म्हणेल, व्यायामाने बरे वाटते ना, मग मोजणीचा कीस कशाला काढायचा? बरे वाटत असेल तर व्यायाम जरूर करावा. त्याचे श्रेय व्यायामालाच आहे. माझा आक्षेप आकड्याने घातलेल्या भीतीला आहे. 'तुमचा कणा आधाराविना आहे' असे एकदा मनात बसले, की माणूस वाकायला भितो, नातवाला उचलायला कचरतो. एका डळमळीत आकड्यापायी धडधाकट माणसाने स्वतःला अधू समजावे, हे मला पटत नाही.

भाजीवाल्याचा काटा शून्यावर आहे की नाही, हे आपण दोन रुपयांच्या मिरच्यांसाठीही पाहत आलो. मग आपल्या शरीराचा आकडा सांगणाऱ्याला, 'यात चूक किती असू शकते?' असे विचारायला संकोच का वाटावा? ज्याने मोजणी नीट केली आहे, त्याच्यापाशी या प्रश्नाचे उत्तर तयारच असेल.