पाखरांना प्रमाणभाषा नसते

वर्गात कुणी खानदेशी हेल काढून उत्तर दिले, की मागच्या बाकांवर खसखस पिकते. (उत्तर देणारा बहुधा मीच असतो, हे लपवीत नाही.) त्या हसणाऱ्या मित्रांना एका पाखराची हकिकत सांगावीशी वाटते.

हिवाळ्यात आपल्याकडे आंब्या-वडांच्या शेंड्यांतून 'चि-वी' असा बारीक आवाज येतो. तो हिरवट पर्णवटवट्या. वजन दहा ग्रॅमहूनही कमी. हा पाहुणा, त्याची वीण दूर उत्तरेकडे. तिबेटच्या पठाराला दोन्ही अंगांनी वळसा घालून या पाखरांची वस्ती पसरली आहे. एक फळी काश्मीर आणि मध्य आशियातून, दुसरी चीनमधून. हिमालयात त्यांचे गाणे आखूड आणि साधे. उत्तरेकडे जावे तसे ते लांबत, गुंतागुंतीचे होत जाते, पण दोन्ही वाटांवर निराळ्या तऱ्हेने. शेवटी सैबेरियात दोन्ही टोके समोरासमोर येतात. तेथे डॅरन अर्विन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ध्वनिमुद्रित गाणी वाजवून पाहिली. २००१ साली ते संशोधन प्रसिद्ध झाले. आपल्या गाण्यावर धावून येणारा नर दुसऱ्याच्या गाण्याची दखलही घेत नाही! पूर्वेकडच्या पाखराला अनेक सूच्यांत आता स्वतंत्र जात मानतात. डोळ्यांवर विसंबावे, तर फरक पंखावरच्या फिक्या रेघांचा, आणि पिसे झिजली की त्याही पुसट होतात.

असे का व्हावे? या कुळातली पिले गाणे मोठ्यांकडून ऐकून शिकतात. शिकताना थोडे चुकते, चूक टिकते आणि पुढे तीच त्या मुलखाची रीत होते. पावशाचे तसे नाही. सातभाईंच्या घरट्यात वाढूनही तो त्यांची कलकल उचलत नाही. त्याची हाक उपजतच. 'पेर्ते व्हा', 'पी कहाँ', 'ब्रेन फीवर' ही बोली आपली, त्याची नव्हे.

मग वटवट्याचे शुद्ध गाणे कोणते? माझ्या मते हा प्रश्नच चुकीचा. बोली कोठे संपते आणि परकेपणा कोठे सुरू होतो, याचा निवाडा ऐकणारे पाखरूच करते. संग्रहालयातल्या पेंढा भरलेल्या कातड्यांना तो विचारून उपयोग नाही.

म्हणूनच आवारातल्या पक्ष्यांची नुसती नावे लिहिण्याची आपली पद्धत मला अपुरी वाटते. कोणत्या झाडावर, कोणत्या महिन्यात, कसा आवाज ऐकला, तेही लिहावे. डिसेंबरात सकाळी सातला मी ग्रंथालयामागच्या वडाखाली असतो. येताना वही आणावी.