स्वातंत्र्य नव्हे, सत्ता

प्युरिटन धर्मस्वातंत्र्यासाठी अमेरिकेला गेले, हे वाक्य आता पाठ्यपुस्तकांतून खोडा. त्यांना हवी होती स्वतःची सत्ता.

इंग्लंडमध्ये त्यांचा छळ झाला, हे खरे. पण 1620 मध्ये मेफ्लॉवर जहाजाने निघालेल्यांतले कडवे धर्मनिष्ठ आधी दहा-अकरा वर्षे हॉलंडमधल्या लायडन शहरात राहिले होते. तिथे त्यांच्या प्रार्थनेच्या आड कोणी येत नव्हते. तरी ते निघाले, कारण काबाडकष्ट संपत नव्हते आणि मुले डच वळणाने चालली होती. अमेरिकेत त्यांनी प्लिमथ वसवले ते पटुक्सेट या मूलनिवासी गावाच्या जागेवर. गोऱ्यांच्या जहाजांबरोबर आलेल्या साथीने ते गाव ओस पाडले होते. मेलेल्यांची ही आयती शेते त्यांनी ईश्वराची कृपा मानली. अशी भक्ती मला किळसवाणी वाटते.

1630 मध्ये प्युरिटनांचा पुढारी जॉन विन्थ्रॉप याचा ताफा मॅसॅच्युसेट्सला पोहोचला आणि वर्षभरात नियम झाला: चर्चचा सभासद नसेल त्याला मत नाही. राजाच्या सनदेने मूलनिवाशांची जमीन आपली होत नाही, असे पाद्री रॉजर विल्यम्स बजावत राहिला. 1635 मध्ये त्याला हद्दपारीची शिक्षा झाली. ॲन हचिन्सन घरी बायकांना जमवून प्रवचनांची चिकित्सा करी. तिचा न्याय करायला खुद्द विन्थ्रॉप बसला आणि तिलाही हाकलले. मेरी डायर ही क्वेकर पंथाची. हद्दपारीचा हुकूम मोडून परतली म्हणून 1660 मध्ये बॉस्टनला तिला फासावर चढवले.

आणि मिस्टिक. 26 मे 1637 च्या पहाटे प्युरिटन सैनिकांनी पेक्वॉट या मूलनिवासी लोकांचे हे तटबंदीचे गाव वेढून पेटवले. शेकडो माणसे मेली, त्यांत बायका-मुले आणि म्हातारी मंडळी. युद्धातून वाचलेल्यांना गुलाम करून वाटले, काहींना कॅरिबियन बेटांवर विकले. पुढच्या वर्षीच्या तहाने पेक्वॉट हे नाव लावायलाही बंदी घातली.

काळच तसा होता, हा बचाव मी ऐकून घेणार नाही. विल्यम्स त्याच काळातला. त्याने नॅरागॅन्सेट लोकांच्या संमतीने जमीन घेऊन प्रॉव्हिडन्स वसवले आणि तिथे कोणाच्याही श्रद्धेवर सक्ती केली नाही.

थँक्सगिव्हिंगच्या दिवशी, 1970 पासून दरवर्षी, मूलनिवासी प्लिमथच्या कोल्स हिलवर शोकदिन पाळतात. बॉस्टनच्या परिसरातल्या मराठी आईबापांनो, या वर्षी मुलांना तिथे घेऊन जा. त्यांना त्या लोकांच्या तोंडून हा इतिहास ऐकू द्या.