अर्धवट सोडलेल्या विषयाला श्रेयांक नाही

तिरुवैयारु (तंजावर) : मराठा राजांच्या छत्रांचा वारसा लाभलेल्या येथील राजा महाविद्यालयातून पदवीच्या मध्यावर दुसऱ्या विद्यापीठात जाऊ पाहणाऱ्यास सोडलेला विषय महागात पडू शकतो. विद्यापीठ अनुदान आयोगाने जुलै 2021 मध्ये अधिसूचित केलेल्या श्रेयांक पेढीत फक्त मिळविलेले श्रेयांकच जमा होतात व ते कमाल 7 वर्षे ग्राह्य धरले जातात. सोडलेल्या विषयाची हजेरी किंवा अंतर्गत गुण तेथे चालत नाहीत. आयोगाच्या 2022 च्या आराखड्यानुसार पहिल्या वर्षाअखेर प्रमाणपत्रासह बाहेर पडण्यास 40 श्रेयांक लागतात. चार श्रेयांकांचा एक विषय सुटला तरी हिशेब 36 वर अडकतो. त्यातच तमिळनाडूने 2020 च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाला विरोध केल्याने श्रेयांक स्वीकारणे प्रत्यक्षात विद्यापीठाच्या मर्जीवर उरते. विषय सोडण्यापूर्वी इच्छित विद्यापीठाकडून लेखी उत्तर घेणे, एवढाच उपाय तूर्त विद्यार्थ्याच्या हाती आहे.